काकूंजवळ बाई टिकत नाही

तिसरी बाई अकराव्या दिवशी गेली आणि जाताना थर्मासचं झाकण घेऊन गेली, असा हजेरीमास्तरांचा आरोप होता. झाकण दोन दिवसांनी पलंगाखाली सापडलं. पण तोवर आरोप तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फिरून आला होता, आणि एकदा सुटलेला आरोप परत बोलावायची सोय अजून कुणी काढलेली नाही. मास्तरांनी झाकण धुतलं, थर्मासला लावलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

हे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पंख्यांच्या कारखान्यात कामगार खात्यात तेहेतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची हजेरी मांडली. किती आले, किती सोडून गेले, त्यांच्या जागी किती घेतले, याचा एक लांबलचक तक्ता ते दरवर्षी साहेबांपुढे ठेवत आणि साहेब तो न वाचता सही करत. त्या तक्त्यातून मास्तरांनी एक सिद्धान्त काढला होता. माणसं येणार आणि जाणार, पण वही नीट ठेवली की काम कुणावाचून अडत नाही. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी हे भाषणातही सांगितलं. त्यांच्यावाचून कारखाना अडला नाही, तेव्हा सिद्धान्त खराच म्हणायचा.

आता हा सिद्धान्त घरी लावायची वेळ आली होती. काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, उजवं अंग एका सकाळी गेलं आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. समजत सगळं होतं. डोळे तसेच होते, थोडे रागीट आणि बरेचसे हसरे. फक्त शब्द बाहेर येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "शब्द आत आहेत. पहिल्या वर्षात जेवढे बाहेर काढता येतील तेवढे येतील, पुढे कठीण होत जातं. रोज कुणीतरी जवळ बसून बोलत राहायला हवं. शक्यतो एकच माणूस." मास्तरांनी सगळं टिपून घेतलं. 'शक्यतो' या शब्दाखाली त्यांनी रेघसुद्धा मारली. कारखान्याच्या भाषेत 'शक्यतो'चा अर्थ 'नाही जमलं तरी चालेल' असा होतो.

मग हे स्वतः का नाही बसले, असं कुणीही विचारेल. मुलीनेही परदेशातून फोनवर विचारलं. खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात बोलायचं काम काकूंनी केलं आणि 'हं' म्हणायचं काम मास्तरांनी. आता काकू गप्प झाल्यावर नुसत्या 'हं'चं काय करायचं? एकदोनदा ते खुर्ची ओढून बसले, पण काय बोलावं सुचेना, म्हणून वर्तमानपत्रातले मथळे वाचून दाखवू लागले. काकूंनी डोळे मिटले. मास्तरांनी खुर्ची जागेवर ठेवली आणि वही करायला घेतली.

वहीत चौसष्ट कलमं होती. उशी कुठल्या बाजूने उचलायची, सूप किती गरम, डाव्या हाताची दोन बोटं उचलली तर काय समजायचं, सगळं होतं. पहिल्या बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी तिला वही मोठ्याने वाचून दाखवली. त्यात सूप गार झालं, ते पुन्हा गरम केलं तर उतू गेलं, ते बाई पुसत असताना कलम बारावर बोट ठेवून उभे असलेले मास्तर घसरले. बाई तीन आठवडे राहिली आणि थोड्या जास्त पगारावर दुसरीकडे गेली. दुसरीला वाचता येत होतं. तिने शांतपणे सगळी वही वाचली आणि म्हणाली, "काका, एवढं करायचं तर दोन बायका लागतील." पगार मात्र एकीचाच होता, म्हणून तीही गेली. तिसरीचं झाकण-प्रकरण वर आलंच आहे.

चौथी मात्र मास्तरांना फार पसंत पडली. काय चपळ बाई! भरवणं चौदा मिनिटांत, अंग पुसणं नऊ, अंथरूण तीन. मास्तर पडद्याआड घड्याळ घेऊन उभे राहत आणि मनातल्या मनात तिला बढती देत. काकूंच्या गालांची हाडं दिसायला लागली होती, पण त्याचं कलम वहीत नव्हतं. दीड महिन्याने ती कापडाच्या दुकानात लागली. तिथेही चार पैसे जास्त होते.

यात एक गोष्ट मास्तरांच्या लक्षात यायला हवी होती. पहिल्या बाईला काकूंनी हातवारे करून, डोळे मिचकावून, चिडून, हसून आपली सगळी भाषा शिकवली होती. दुसरीला अर्धीच शिकवली. तिसरीला पाणी कसं मागते एवढं दाखवलं. चौथीच्या वेळी त्या शिकवण्याच्या भानगडीतच पडल्या नाहीत. दिलं ते खाल्लं, पुसलं ते पुसून घेतलं.

चौथी गेली तेव्हा इमारतीची सभा भरली, कारण हे दुखणं एकट्या मास्तरांचं नव्हतं. कुणाची स्वयंपाकाची बाई गेली होती, कुणाची लहान मूल सांभाळणारी. अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे वकील. ते म्हणाले, "भाव आपणच वाढवतो. आज एकीला वाढवलंत की उद्या सगळ्या जणी दारात उभ्या. ठराव करू. ठरलेल्या पगारावर कुणी एक पैसा द्यायचा नाही." मास्तरांच्या समोरच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "अगदी बरोबर. डोक्यावर बसवून ठेवल्यात आपणच." मास्तर इमारतीचे सचिव, तेव्हा ठराव लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. असा ठराव त्या इमारतीत पूर्वी झाला नव्हता. पाच पोटकलमं, आणि शेवटी 'अपवादासाठी सचिवांकडे लेखी अर्ज करावा, त्यावर सर्वसाधारण सभा निर्णय घेईल'. टाळ्या पडल्या. मास्तरांना कारखान्याची फार आठवण आली.

त्यानंतर पाचवी बाई आली. पन्नाशीची, अंगाने स्थूल, जिना चढून आली की आधी स्टूल शोधायची. भरवायला तिला सत्तर मिनिटं लागत. सत्तर! इमारतीने दोन दिवसांत तिचं नाव निवांतबाई ठेवलं. मास्तरांनी पडद्याआडून पहिल्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हा त्यांना ते बंद पडलंय असं वाटलं, म्हणून त्यांनी ते कानाला लावलं.

निवांतबाई चमचा हातात धरून गोष्टी सांगत बसायची. शेजारणीच्या नळाची, नवऱ्याच्या सायकलीची, नर्सिंग शिकणाऱ्या मुलीची. बरं, गोष्ट सांगायची तर पुरी तरी सांगावी! ऐन ठिकाणी थांबायची. "नवरा आला तो सगळा ग्रीस माखून. तसाच ताटावर बसायला लागला. मी म्हटलं, सायकल ठेवा बाजूला आणि आधी हात..." एवढं म्हणून गप्प. काकूंकडे बघत बसायची. दोन मिनिटं, चार मिनिटं. सूप निवायचं. मग ती स्वतःच "हात धुवा" म्हणायची आणि पुढचा चमचा भरायची. पडद्याआड मास्तरांच्या नाकी नऊ येत.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी निवांतबाई "आधी हात..." म्हणून थांबली, आणि काकू म्हणाल्या, "धू."

एकच अक्षर. आवाजही धड काकूंचा नव्हता, गंजलेल्या बिजागरीसारखा होता. मास्तरांनी वहीत नोंद केली, 'धू, सायंकाळी चार वाजून वीस मिनिटं', आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभे राहिले. रडताना सुद्धा ते आवाज होणार नाही याची काळजी घेत होते. वीस मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर आले आणि उगीचच म्हणाले, "कांदा फार तिखट निघाला."

पुढच्या महिन्याभरात तेवीस शब्द झाले. पाणी, खिडकी, नको, आई गं. एकदा मास्तर मोठ्या उमेदीने मथळे वाचायला बसले, तर तिसऱ्या मथळ्याला काकू स्वच्छ म्हणाल्या, "पुरे." अपमान झाला, पण शब्द नवा होता. मास्तरांनी तोही वहीत घेतला.

आणि नेमकं तेव्हा निवांतबाई पदराला हात पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, मागच्या रस्त्यावर एक आजोबा आहेत. त्यांचे लोक पाव पगार जास्त देतायत. मुलीची फी वाढलीय हो. मला जायचं नाही, काकूंचा लळा लागलाय. तेवढं केलंत तर मी राहते."

आता इथे कुणीही शहाणा माणूस काय करेल? हो म्हणेल. मुलगी तर फोनवर कानीकपाळी ओरडत होती, "बाबा, जास्त द्या ना, मी पाठवते!" पण मास्तर म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही, पायंड्याचा आहे." आणि त्यांनी निवांतबाईला तक्ता दाखवला. चौथी बाई, भरवणं चौदा मिनिटं. आपण, सत्तर. म्हणजे कामाचा वेग पाचपट कमी, आणि मागणी मात्र वाढीची.

निवांतबाईने तक्ता उलटसुलट करून पाहिला. "चौदा मिनिटांत पोट भरतं, काका," ती म्हणाली. "बोलणं नाही होत."

मास्तरांना हे पटलं. खरोखर पटलं. पण ठराव त्यांच्या अक्षरात होता. म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. 'प्रति, सचिव' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. मग टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, चष्मा लावला, अर्ज वाचला आणि त्यात डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही असं त्यांच्या लक्षात आलं. अर्ज परत पाठवला. दाखल्यासाठी दवाखान्यात गेले तर तिथला कारकून म्हणाला की असा दाखला कुणाला देतात हेच त्याला माहीत नाही. दोन खेपांनी दाखला मिळाला. मग सभेची पंधरा दिवसांची सूचना. सभेला दोन माणसं कमी पडली. पुढच्या सभेत गच्चीवरच्या टाकीच्या गळतीवर दोन तास भांडण झालं आणि मास्तरांचा विषय 'वेळेअभावी पुढे' गेला. समोरच्या वहिनी जिन्यात म्हणाल्या, "थोडं ताणून धरा हो मास्तर. कुठे जाते ती? येईल वळणावर."

निवांतबाई महिनाभर थांबली. तिकडच्या लोकांना तिने दोनदा थोपवलं. रोज जाताना ती विचारायची, "झाली का सभा?" आणि मास्तर म्हणायचे, "चालू आहे प्रक्रिया." महिनाअखेरीला तिने काकूंच्या केसांची वेणी घातली, सगळ्या खुणा मास्तरांना पुन्हा समजावून सांगितल्या, आणि गेली. चौसष्ट कलमांची एकशे बारा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. नऊ वाजले, साडेनऊ झाले. सहावी बाई आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याभरात खिडकी गेली, मग नको गेलं. मास्तर रोज वहीतले शब्द एकेक करून विचारून बघत आणि उत्तर आलं नाही की फुली मारत. तेविसाव्या फुलीनंतर त्यांनी वही मिटली.

सहावी आणि सातवी कधी आल्या नि कधी गेल्या हे सांगण्यात अर्थ नाही. आठवी एका कंपनीची होती. निळा गणवेश, छापील तक्ता, दर कामापुढे बरोबरची खूण. कंपनीचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे खंड पडत नाही, सर. एक नाही आली तर दुसरी येते, पद्धत तीच." आणि खरंच, सोमवारी एक आली, मंगळवारी दुसरी, बुधवारी तिसरीच. सगळ्यांच्या हातात तोच तक्ता. मास्तरांचा तेहेतीस वर्षांचा सिद्धान्त त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच घरात, इस्त्रीच्या गणवेशात वावरत होता. काकू दिवसभर डोळे मिटून पडून असत. कोणत्या बाईने कधी काय केलं, हे त्यांनी डोळे उघडून पाहणंही सोडलं होतं.

अशात एकदा मास्तर जिन्यात वहिनींना म्हणाले, "तुमची बाई बरी टिकली हो, सहा महिने झाले. ठरावातल्या पगारावर!"

वहिनी हसल्या. "अहो, ठराव कागदावर. येण्याजाण्याचं भाडं म्हणून मी पहिल्यापासून वेगळं देते. वकील तर निम्मा पगार दुसऱ्या पाकिटातून देतात. सगळेच देतात की." मग मास्तरांचा चेहरा बघून त्यांचं हसू आटलं. "अगंबाई. तुम्ही खरंच पाळत होतात?"

मास्तर 'हं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? साऱ्या इमारतीत तो ठराव पाळणारा एकच माणूस निघाला, तो लिहिणारा. लाजेपेक्षा राग जास्त होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं, कारण ज्याच्यावर काढायचा तो कायम बरोबरच असायचा.

ते तसेच, पायात घरातल्या सपाता घालून, मागच्या रस्त्यावरच्या घरी गेले. निवांतबाईने दार उघडलं. हातात चमचा होता.

"दुप्पट देतो," मास्तर उंबऱ्यातूनच म्हणाले. "आजपासून. अर्ज नाही, सभा नाही."

निवांतबाईने चमचा पदराला पुसला. मग हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा पाव पगाराला अडलं होतं, काका." तिच्या बोलण्यात राग नव्हता. आतून म्हाताऱ्या माणसाच्या घशाचा कसलासा आवाज आला, तशी तिने मान वळवून "आले हं" म्हटलं. "हे आजोबा आता कुठे माझ्याकडे बघायला लागलेत. मी गेले तर यांचं पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही बघितलंयच की."

बघितलं होतं. मास्तरांनी पुष्कळ तयारी केली होती, तिप्पटपर्यंत जायची सुद्धा, पण ती सगळी तयारी उंबऱ्यातच राहिली. निवांतबाई म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी येईन मी काकूंना भेटायला." ते मान हलवून परत आले.

त्याच संध्याकाळी त्यांनी कंपनीची सेवा बंद केली आणि स्वतः चमचा हातात घेतला. पहिल्या दिवशी सूप काकूंच्या हनुवटीवर, मानेवर आणि एकदा कानात गेलं. चादर बदलताना त्यांनी जुनी चादर काढायच्या आत नवी घातली आणि मग दोन्ही एकदम ओढल्या. वेणी घातली ती सुटली, पुन्हा घातली ती सुटेना. भरवायला दीड तास लागला. मास्तरांच्याच हिशेबाने निवांतबाई त्यांच्यापुढे वादळ होती.

पण ते रोज बसले. गोष्टी सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे गोष्टी तरी कसल्या, कारखान्यातल्याच. "मग साहेब मला म्हणाले, हा तक्ता उद्यापर्यंत पूर्ण..." असं म्हणून ते थांबत आणि बायकोच्या तोंडाकडे पाहत राहत. काकू भिंतीकडे पाहत. चमचा ओठांना लागला की तोंड उघडत, तो काढला की मिटत. मास्तर मग स्वतःच "करा" म्हणत. असे दोन महिने गेले. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष संपत आलं होतं. मास्तर रोज कॅलेंडरकडे न बघता त्या भिंतीसमोरून पुढे जायचे.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी निवांतबाई आली, स्टूल ओढून काकूंजवळ बसली. मास्तर चहा करायला आत गेले. पाणी उकळलं, साखर घातली, आणि त्यांना आवाज ऐकू आला. तोच गंजलेला आवाज. एक शब्द, मग बराच वेळ शांतता, मग आणखी एक, मग दोन. मास्तरांनी गॅस बंद केला. काय बोलतेय ते कळत नव्हतं, पण बोलत होती. कपबशा वाजू नयेत म्हणून त्यांनी तबक खाली ठेवलं आणि भिंतीला हात लावून ऐकत राहिले. शब्द गेले नव्हते तर. शब्द होते.

चहा घेऊन ते आत गेले तेव्हा खोली गप्प झाली. काकू भिंतीकडे बघत होत्या.

निवांतबाई निघाली तेव्हा मास्तर तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले. "काय म्हणत होती?"

"काही नाही. असंच, आपलं."

"सांगा. मी ऐकलंय, ती बोलत होती."

निवांतबाईने कठड्याला हात टेकला. "तुमच्याबद्दल विचारत होत्या."

"माझ्याबद्दल? काय?"

"म्हणत होत्या," ती थांबली, आणि या वेळी ती वाट बघत नव्हती, तिला खरंच पुढचं बोलवत नव्हतं. "म्हणत होत्या, हे कधी जाणार?" मग घाईघाईने म्हणाली, "रागाने नाही हो विचारलं. वाईट वाटून घेऊ नका. आतापर्यंत जी आली ती गेली ना. सवय झाली, बोलायला लागलं, की माणूस जातं. म्हणून विचारून ठेवत होत्या."

मास्तर आत आले. चहा तसाच होता. त्यांनी स्टुलावर बसून काकूंचा डावा हात हातात घेतला. एक्केचाळीस वर्षांत बोलायचं राहिलेलं पुष्कळ होतं. शेवटी म्हणाले, "अगं, मी नाही जाणार कुठे. मी राहणार आहे."

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ, नीट पाहिलं. याआधी आलेल्या बायकांनीही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. मग त्यांनी मान पुन्हा भिंतीकडे केली. मास्तरांनी हात सोडला नाही. सुपाची वेळ झाली होती, पण ते उठले नाहीत.